एका पाण्यावरच्या दोघी

माझ्या जाऊबाई रविवारी टेम्पोत सामान भरून कर्जतला कायमच्या राहायला जाणार, हे मला बुधवारी सकाळी कळलं. त्याच दुपारी माझ्या नातीने मला सांगितलं, की जो इंग्रजी शब्द मी निम्मं आयुष्य ह्या जाऊबाईंसाठी वापरत आले, त्याचा मूळ अर्थ वेगळाच आहे. ह्या वयात एका दिवसात एवढं पचत नाही. मी इंग्रजीची शिक्षिका; निवृत्त झाले तरी शब्दावरून कोणी मला चूक दाखवली की माझी झोप उडते. त्यात ह्या बाईशी एक गोष्ट बोलायची राहिली होती. बोलायचं ठरवूनही बरीच वर्षं झाली होती. समोर तर राहतात, कुठे जातात, असं म्हणत मी ते ढकलत आले. आणि आता त्या खरंच चालल्या.

जाऊबाई म्हणजे माझ्या मालकांच्या चुलतभावाची बायको. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. दोघींचेही मालक आता नाहीत. सोनईच्या अलीकडे रानात आमची वस्ती आहे. विहिरीच्या ह्या अंगाला आमचं घर, त्या अंगाला त्यांचं. मधली विहीर दोन्ही घरांची. निम्मी आमची, निम्मी त्यांची; पण विहीर काही भाकरीसारखी मोडून हातात देता येत नाही, म्हणून दिवस वाटून घेतलेले. त्याला आम्ही बारी म्हणतो. आमची बारी असली की मोटर आमची, पाणी आमच्या रानात. त्यांची बारी लागली की आम्ही त्या पाण्याकडे बघायचंसुद्धा नाही.

जाऊबाईंच्या मुलाची नोकरी कर्जतला, घरही त्याने तिथेच बांधलं. इथलं रान त्याने वाट्याने दिलं, आणि त्यात स्वतंत्र बोअर आहे. म्हणजे विहिरीच्या बारीवाचून त्याचं काही अडत नाही. मग ती बारी आम्हाला सोडता का, असं माझ्या मुलाने त्याला विचारलं. तो म्हणाला, आई म्हणेल तसं. म्हणून माझ्या मुलाने मला कामाला लावलं. चहा पिता पिता म्हणाला, "आई, तू जाऊन मोठ्या आईला विचार ना. तुझं त्या ऐकतील."

तुझं त्या ऐकतील! गेल्या तीस वर्षांत 'बरं आहे का' आणि 'जेवायला बसा' यापलीकडे ज्या बाईचं आणि माझं बोलणं गेलेलं नाही, ती माझं ऐकेल असं ह्या पोराला कशावरून वाटलं कोण जाणे. दोन बायका भांडताना दिसल्या नाहीत की पुरुषांना वाटतं त्यांचं उत्तम चाललंय.

तर बुधवारी दुपारी मी ह्याच विचारात पडले होते. शुक्रवारपर्यंत जाऊन यायचं होतं. पण नक्की कशाला? मुलाचं काम घेऊन गेले तर माझं बोलणं राहतं. माझं बोलले तर मुलाचं काम कोणत्या तोंडाने करणार? आणि दोन्ही एकदम केलं, तर त्यांना वाटणार की बारी मिळवायला म्हातारी गोड बोलायला आली.

तेवढ्यात नात मोबाईल घेऊन शेजारी येऊन बसली. ती नगरला शिकते, दहावीला आहे, सुट्टीत वस्तीवर आली होती. शाळेने सगळ्यांना एकेक इंग्रजी शब्द निवडून त्याचा इतिहास लिहून आणायला सांगितलेला. तिने निवडला होता रायव्हल. हाच का, असं मी विचारलं तर म्हणाली, "तूच म्हणतेस ना नेहमी, मोठी आजी माय रायव्हल."

घरात थट्टेत बोललेलं मुलं कुठे नेऊन ठेवतील, नेम नाही.

मग तिने वाचून दाखवलं. लॅटिनमध्ये रिव्हस म्हणजे ओढा, पाण्याचा पाट. त्यावरून रिव्हालिस, म्हणजे एकाच पाटाचं पाणी घेणारे लोक. तिथून हा शब्द फ्रेंचमध्ये गेला, फ्रेंचमधून इंग्रजीत आला, आणि इंग्रजीत झाला प्रतिस्पर्धी.

मी म्हटलं, मला माहीत आहे. रिव्हर आणि रायव्हल, एकाच घरातले. हे मी कित्येक वर्षं मुलांना शिकवलंय. फळ्यावर नदी काढायची, दोन काठांवर दोन माणसं काढायची, हातात काठ्या द्यायच्या आणि म्हणायचं, हे बघा, रायव्हल्स.

नात म्हणाली, नाही आजी. रिव्हर वेगळं. ते फ्रेंच रिव्हिएरवरून आलं आणि त्याचं लॅटिन मूळ आहे रिपा, म्हणजे काठ. त्यांचं आणि ह्यांचं नातं नाही, नुसते दिसतात सारखे. आणि अराइव्ह म्हणजे पोचणं, ते ह्या काठावरून आलं, काठाला लागणं. पण डिराइव्ह हे मात्र रायव्हलच्या घरातलं. डिराइव्ह म्हणजे मुळात पाटाचं पाणी फोडून आपल्याकडे वळवणं.

म्हणजे रिव्हरमध्ये नदी नाही, काठ आहे. रायव्हलमध्ये भांडण नाही, पाट आहे. आणि डिराइव्हमध्ये कोणीतरी फावडं घेऊन बांध फोडतंय. मी चष्मा काढून पुसला, काही उपयोग झाला नाही. आतून माझा जुना शब्दकोश आणला. त्यात रायव्हलपुढे स्पर्धक एवढंच दिलेलं. ह्या कोशाच्या जिवावर मी नोकरी काढली.

मला कळेना ते एवढंच, की एका पाटावर पाणी पिणाऱ्या शेजाऱ्याचा शब्द वैऱ्यावर गेला कसा. वाटेत काहीतरी झालं असणार. मी सगळा संशय फ्रेंचांवर घेतला. त्यांना रोमनांचं बोलणं चुकीचं ऐकू आलं असेल, किंवा त्यांनीच बिघडवून पुढे पाठवला असेल. नात म्हणाली, तसंही नाही. लॅटिनमध्येच, रोमन लोकांच्या तोंडीच, तो शब्द एका बाईवर मरणाऱ्या दोन पुरुषांसाठी वापरायला लागले होते. म्हणजे पाटावरून थेट बाईवर. फ्रेंच बिचारे निर्दोष. मी त्यांची मनातल्या मनात माफी मागितली, आणि लक्षात आलं की माफी भलत्याच ठिकाणी चालली आहे.

आता ती माफी कसली, हे सांगायचं तर त्या वेळची मी तुमच्यासमोर उभी करावी लागेल. मला ती बाई फारशी आवडत नाही, पण हसायला येते.

नगरच्या एका कारकुनाची मुलगी. इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, मग बी.एड. मनगटावर घड्याळ, आणि ते दिसावं म्हणून हात जरा पुढे धरून चालायची सवय. लग्न होऊन ह्या वस्तीवर आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिला दारं धरायला पाठवलं. दारं धरणं म्हणजे मोटरचं पाणी पाटातून आलं, की एक वाफा भरल्यावर त्याचं तोंड मातीने बंद करायचं आणि पुढच्याचं उघडायचं. बाईसाहेब चप्पल घालून गेल्या. चप्पल चिखलात रुतली, ती काढायला वाकल्या, तोवर पाणी बांध फोडून वाटेवर, आणि वाटेने थेट गोठ्यात. म्हशी उभ्या राहून बघत होत्या. जाऊबाई पलीकडच्या बांधावरून आल्या, एक शब्द न बोलता माझ्या हातातलं फावडं घेतलं, चार घावांत पाणी वळवलं. मग म्हणाल्या, "चप्पल काड. पायाला गार लागलं की पानी कुठं चाललंय ते कळतं. डोळ्यानं न्हाई कळत."

त्या दिवसापासून मी त्यांना आक्का म्हणायला लागले. शाळेत शिकवायला मी जायची, पण वस्तीवर मी त्यांच्या वर्गात होते. शेणाचा हात भिंतीवर कसा फिरवायचा, जातीवंत म्हैस कशी ओळखायची, सासूने बोललेलं एका कानाने कसं सोडायचं, सगळं त्यांनी शिकवलं.

बारीची रीत तेव्हा जुनी होती. दोन्ही घरच्या म्हाताऱ्यांनी ठरवलेली. अमावास्येनंतर चंद्र वाढायला लागला की बारी आमची, पौर्णिमेनंतर उतरायला लागला की त्यांची. वाचता येत नसलं तरी मान वर केली की कळावं. मोटरच्या खोलीला कुलूप, त्याची किल्ली एकच. बारी बदलायच्या सकाळी आम्ही दोघी विहिरीवर भेटायचो. जिची बारी संपली तिने किल्ली द्यायची, जिची लागली तिने भाकरी आणायची. विहिरीच्या कट्ट्यावर बसून दोघींनी खायची, मग किल्ली घ्यायची. कोणी सुरू केलं माहीत नाही. आमच्या सासवाही करायच्या, एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या तेव्हासुद्धा. महिन्यातून दोनदा, अर्धा तास. त्या अर्ध्या तासात मी जितकी हसले आहे, तितकी पुढे सगळ्या नोकरीत मिळून हसले नसेन.

लग्नाला आठेक वर्षं झाली, शाळेत मी कायम झाले, आणि मला अक्कल आली. अक्कल म्हणजे अशी, की एका महिन्यात मी दिवस मोजले तर आमच्या पंधरवड्याचे चौदा दिवस भरले आणि त्यांच्याचे पंधरा. पुढच्या महिन्यात मोजलं, पुन्हा तेच. झालं. चंद्र पक्षपाती आहे, असा निकाल मी देऊन टाकला. रंगीत पेन्सिलीने तक्ता केला. इथून पुढे बारी तारखेवर: एक ते पंधरा आमची, सोळा ते महिनाअखेर त्यांची. एकतीसचा महिना असला की त्यांना सोळा दिवस मिळतात, हे माझ्या ध्यानात आलं नाही. ज्या अन्यायासाठी मी चंद्रावर रागावले, तो त्याहून मोठा करून मीच भिंतीला चिकटवला. इंग्रजीच्या बाईचं गणित ते.

तक्ता बघून आमचे हे म्हणाले, बघ बाई. दीर, म्हणजे जाऊबाईंचे मालक, म्हणाले, मास्तरीणबाईंनी केलंय म्हणजे बरोबरच असणार, आणि अंगठा दिला.

पण खरी गंमत पुढे. होळी त्या साली फेब्रुवारी संपता संपता आली. होळीच्या पौर्णिमेपर्यंत पंधरा दिवस बारी आमची होतीच. दुसऱ्या दिवशी त्यांची लागली. त्यांनी मोटर सुरू केली आणि त्याच्या दुसऱ्या सकाळी उजाडली एक मार्च. तक्त्याप्रमाणे एक तारखेपासून पुन्हा आमची. म्हणजे पंधरा दिवस आम्ही, मधला एक दिवस ते, आणि परत पंधरा दिवस आम्ही. त्यांच्या रानात कांदा होता, ऐन पोसायच्या वेळेचा.

दीर आमच्या ओसरीवर आले, टोपी हातात घेऊन. एवढ्या खेपेला जुन्याप्रमाणे चालू द्या, म्हणाले. आणि त्या वेळची मी काय म्हणाले, ते लिहायला आजही हात थांबतो. मी म्हटलं, एकदा सवलत दिली की शिस्त राहत नाही. उशिरा आलेल्या पोराला वर्गाबाहेर ठेवतात ना, त्या आवाजात. ते दारातच उभे होते, ह्यांनी मान खाली घातली, आणि मी तक्त्यावर बोट ठेवलं.

मग रोज शाळेत जाताना मला त्यांचा कांदा दिसायचा. पात आधी टोकाला पिवळी झाली, मग आडवी पडली. मी दुसऱ्या वाटेने जायला लागले. ती वाट लांबची होती आणि काट्याची होती.

त्याच महिन्यात शिक्षकांच्या खोलीत मी पहिल्यांदा म्हणाले, की घरी माझी एक रायव्हल आहे. ते म्हणताना मला किती बरं वाटलं होतं! आपल्याला रायव्हल आहे म्हणजे आपण कोणीतरी आहोत. शिवाय ज्याला रायव्हल म्हटलं त्याच्याबद्दल वाईट वाटून घ्यायची जबाबदारी उरत नाही.

निवृत्त झाल्यावर वेळच वेळ होता, तेव्हा मी दोन वर्षांची दिनदर्शिका घेऊन सगळे पंधरवडे मोजले. कधी शुद्ध पक्ष मोठा, कधी वद्य. शेवटी दोन्ही जवळजवळ सारखे. चंद्र सरळ होता.

हे मला जाऊबाईंना सांगायचं होतं. एवढंच. सांगायला निघायचे, आणि म्हशीला पाणी दाखवून परत यायचे.

शुक्रवारी सकाळी मी गेले. नात मागे लागली, तिला प्रोजेक्टसाठी रायव्हल बघायची होती. मी म्हटलं, ये, पण तोंड बंद.

जाऊबाई ओसरीत बाजेवर पाय लांब करून बसल्या होत्या. गुडघे गेलेत, मांडी घालता येत नाही. सुपात बाजरी पाखडत होत्या, सोबत न्यायची म्हणून. मला बघून म्हणाल्या, या मास्तरीणबाई. हात थांबला नाही.

मी बसले. मुलाचं काम जिभेवर आलं, ते गिळलं. माझं आलं, तेही गिळलं. आणि मग मी काय केलं असेल? मी त्यांना लॅटिन शिकवायला लागले. म्हणाले, आक्का, फार पूर्वी रोम म्हणून एक राज्य होतं. तिथेही शेती करायचे, एका पाटावर दोघं-तिघं असायचे. पाटाला त्यांच्या भाषेत रिव्हस म्हणायचे, आणि त्यांना एकमेकांचे रिव्हालिस. मग तो शब्द फ्रान्सला गेला, तिथून इंग्रजांकडे. नात माझ्याकडे बघत होती. गुन्हा कबूल करायला चौकीत गेलेल्या माणसाने फौजदाराला भूगोल सांगावा, तसं चाललं होतं माझं.

पण जाऊबाई ऐकत होत्या, नीट. मग त्यांनी प्रश्न विचारले. त्यांची बारी किती दिवसांची असायची? दारं बाया धरायच्या का गडी? पाट फोडला तर दंड कुणी घ्यायचा? मला एकाचंही उत्तर येईना. नातीने मोबाईल काढला, तिलाही लवकर सापडेना.

मी म्हटलं, आक्का, मला कळत नाही ते वेगळंच आहे. एका पाटावरचे म्हणजे आपलेच की. त्याच शब्दाचा अर्थ वैरी कसा झाला?

त्यांनी पहिल्यांदा सूप खाली ठेवलं. "त्यात न कळन्यासारखं काय हाय? कर्जतच्या मानसाशी मी कशाला भांडू? त्याची माझी वळख न्हाई, ना पानी एक, ना बांध एक. भांडायला बी मानूस जवळचं लागतं."

नात लिहून घेत होती. मला मात्र अधिकच गोंधळ झाला. कारण मग माझी फळ्यावरची काठ्या घेतलेली माणसंही बरोबर आणि विहिरीच्या कट्ट्यावर भाकरी खाणाऱ्या आम्हीही बरोबर, एकाच शब्दात. असं कुठे असतं का? शब्दाने एक काहीतरी ठरवायला नको?

आणि ह्या गोंधळातच माझ्या तोंडून ते निघून गेलं. म्हटलं, आक्का, तो तारखांचा तक्ता माझा होता. हे नाही, भाऊजी नाहीत, माझं एकटीचं डोकं. हिशेबही चुकला होता. तुमचा कांदा माझ्यामुळे जळला.

मला वाटलं आता त्या रडतील किंवा शिव्या देतील. दोन्हीची माझी तयारी होती. त्या म्हणाल्या, "ते मला ठावं हाय की. तुझ्या नवऱ्याला रंगीत पेन्सिल धरता येत हुती व्हय? कांदा काय, दोन वर्सांआड जळतोच. कधी करपा येतो. एकदा गारांनी समदं रान झोडपलं. म्हून मी आभाळाशी बोलायचं सोडलं का?"

मग माझ्याशी का सोडलं, असं मी विचारलं. माझा आवाज फार लहान आला.

"म्या सोडलं? त्या मार्चाच्या पंधरा तारखेला तुमची बारी संपली, दुसऱ्या दिशी आमची लागनार व्हती. सोळाला सकाळी म्या भाकरी घिऊन इहिरीवर गेले. पिठलं व्हतं. वाट बघितली. मंग बघते तर किल्ली खोलीच्या दाराला, खिळ्यावर. नवा खिळा ठोकला व्हता तू."

खिळा मी विसरले होते. तक्ता आठवत होता, दिरांची टोपी आठवत होती, कांद्याची पात आठवत होती. खिळा नाही. पण त्यांनी सांगितल्यावर सगळा दिसला: शाळेची घाई आहे असं घरात सांगून आदल्या संध्याकाळी मी स्वतः ठोकलेला. घाई कसली, सोळाला रविवार की सोमवार तेही मला आठवत नाही. मला त्यांच्यासमोर बसून भाकरी खायची नव्हती. त्यांचा कांदा वाळलेला असताना त्यांच्याच हातची भाकरी कशी खाणार?

मी तसं सांगितलं. लाज वाटली म्हणाले.

"मंग लाजलेलं तोंड दाखवायचं व्हतं. खिळा कशाला दाखवला? मला वाटलं, झाली मास्तरीण मोठी. आता आपल्या भाकरीला हात लावत न्हाई." त्यांनी बाजेवर सांडलेले दाणे वेचले. "ती भाकरी म्या एकलीनं खाल्ली. लई कोरडी लागली."

तीस वर्षं मी कांद्याचं ओझं वाहत होते, आणि ते ओझंच चुकीचं निघालं. म्हणजे माफीसुद्धा मी चुकीच्या गोष्टीची तयार केली होती. नव्याने शोधायला लागले तर शब्द सापडेना. मराठीत नाही, इंग्रजीत नाही. शेवटी मी सूप उचललं आणि बाजरी पाखडायला लागले. त्यांनी थोडा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, फोलपाट माझ्या अंगावर यायलंय, तिकडं तोंड कर.

मग हळूहळू कर्जतचं निघालं. घर चांगलं आहे, सून मायेची आहे. संडास खुर्चीसारखा, गुडघ्यांना सोयीचा. घरात नळ आहे. मी म्हटलं, बरं झालं, पाण्याची कटकट नाही. त्या म्हणाल्या, नळाला बारी कुनाबरं असते? मी म्हटलं, कुणाबरोबर नाही. आपलं आपलं येतं.

"मंग मी तुझी ती कोन म्हनालीस, ती ऱ्हाते का न्हाई?"

मी शिक्षिका. वर्गात विचारलेल्या प्रश्नाला उत्तर येत नसलं तर काय करायचं ते मला पक्कं माहीत आहे: प्रश्न चांगला आहे म्हणायचं आणि घंटा व्हायची वाट बघायची. इथे घंटा नव्हती. मी नातीकडे बघितलं, ती वहीकडे बघत होती.

निघताना जाऊबाईंनी विहिरीपलीकडचा त्यांचा तुकडा दाखवला. तिथे त्यांनी स्वतः लावलेली पाच लिंबोणीची झाडं आहेत. वाटेकरी बोअरचं पाणी तिथवर नेणार नाही, म्हणाल्या, त्याला लांब पडतं. बारीबद्दल मीही काही विचारलं नाही.

संध्याकाळी मुलगा रानातून आला आणि हात धुता धुताच म्हणाला, "काय म्हणाल्या मोठ्या आई?"

"नाही म्हणाल्या," मी सांगितलं. "सोडणार नाहीत बारी. सोळा तारखेपासून त्यांचं पाणी त्यांच्या झाडांना जायला पाहिजे. आणि दारं मी धरायची, असं बजावलंय."

शेंगा फोडत बसलेली नात थांबली. मुलगा म्हणाला, नीट विचारलंस ना? मी म्हटलं, विचारलं की. तो जरा चिडला, पण जाऊबाईंचा हट्ट सगळ्या भावकीला माहीत आहे, तेव्हा खोटं पचून गेलं. आत गेल्यावर नात हळूच म्हणाली, आजी, तू विचारलंच नाहीस. मी म्हटलं, तू तुझं प्रोजेक्ट लिही.

पण अर्थ काय लिहायचा, असं तिने विचारलं. शेवटी तिने दोन्ही लिहिले आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. मी आयुष्यभर असल्या उत्तरांना अर्धे गुण दिले आहेत.

रविवारी टेम्पो गेला. पुढे सोळा तारखेला सकाळी मी मोटर सुरू केली आणि फावडं घेऊन लिंबोणीत जाऊन उभी राहिले. चप्पल बांधावर. मुलगा लांबून बघून गेला. अर्ध्या तासाने मोबाईल वाजला. कर्जतहून.

"पानी कुठवर आलं?"

मी म्हटलं, तिसऱ्या झाडापर्यंत.

"खोटं. एवढ्या येळात दुसऱ्याच्या म्होरं जात न्हाई."

मी खाली बघितलं. पाणी दुसऱ्या झाडाच्या आळ्यातच फिरत होतं. एवढ्या लांबून तिला कसं कळलं, ते मला कळलं नाही. हल्ली मला बरंच काही कळत नाही. मी विचारलं, नळ कसा आहे? ती म्हणाली, हाय चांगला. तोटी फिरवली की येतंय. कुनाला इचारायचं बी न्हाई, कुनी इचारीत बी न्हाई.

फोन तिने ठेवला नाही आणि मीही ठेवला नाही. तिकडे भांड्यांचा आवाज येत होता, इकडे मोटरचा. दुसरं आळं भरलं. मी एका हाताने मोबाईल कानाशी धरून दुसऱ्या हाताने फावडं मारलं, ते तिरकं बसलं आणि माझा पाय भिजला.

"डावीकडं मार," ती कर्जतहून म्हणाली.